अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि वैद्याचे घर



आपल्या त्रैमासिकात आपण बहुधा आपल्याकडे आलेल्या रुग्णांविषयी लिहितो. प्रस्तुत लेखातील रुग्ण आमच्या घरचेच आहेत, आमची लेक आणि तिचा मुलगा. आम्ही उभयता वैद्य. मुलुंड पूर्वेस आमचे चिकित्सालय आहे आणि त्याला लागूनच लहानसे औषधालय. गर्भिणी व सूतिका यांच्या सेवेत आमची पस्तीसहून अधिक वर्षे गेली. तरीही २०१८ च्या जुलै महिन्यात आमच्याच घरी अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मास आले, तेव्हा आपणांस किती शिकावयाचे राहिले आहे याची जाणीव झाली. त्या सत्तावीस दिवसांत आमच्याकडून एक चूक घडली आणि दुसरी घडता घडता राहिली. त्या दोहोंचा उल्लेख टाळून हा लेख लिहिता आला असता, परंतु मग तो लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते.

सूज पाहिली, रक्तदाब पाहिला नाही

लेक घाटकोपरला पंतनगरात राहते. एकतिसावा आठवडा सुरू होता. एका सायंकाळी तिचा दूरध्वनी आला, "बाबा, पाय फार सुजलेत आणि डोकंही दुखतंय." आम्ही तिला विश्रांती घ्यावयास, मीठ कमी करावयास आणि पुनर्नवा घ्यावयास सांगितले. गर्भिणीच्या पायांवर सूज येते, हे आम्ही शेकडो वेळा पाहिले होते. त्या अनुभवानेच आमचा घात केला. सुजेबरोबर डोके दुखत आहे म्हणजे रक्तदाब तत्काळ मोजला पाहिजे, ही साधी गोष्ट आम्ही परक्या गर्भिणीच्या बाबतीत विसरलो नसतो. लेकीच्या बाबतीत विसरलो.

तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. जावयांनी तिला जवळच्या रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तदाब १७०/११० भरला आणि लघवीत प्रथिन आढळले. गर्भिणीच्या या विकारात माता व गर्भ या दोघांच्याही जिवावर बेतते आणि प्रसूती हाच त्यावरचा खरा उपाय असतो. बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून लेकीला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले आणि चोवीस तासांनी दुसरे. त्यानंतर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगा झाला. वजन १३४० ग्रॅम.

तीन दिवस आधी रक्तदाब कळला असता तर प्रसूती किती पुढे ढकलता आली असती, हे सांगता येत नाही. कदाचित थोडीच. परंतु तो प्रश्न आजही आमच्या मनातून गेलेला नाही. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात एक नियम आहे. गर्भिणी कोणत्याही तक्रारीसाठी येवो, नाडी पाहण्यापूर्वी तिचा रक्तदाब मोजून लिहिला जातो.

आठवा महिना : ग्रंथांतील आणि पेटीतील

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती, म्हणजे जगातील दर पाचांत एकाहून अधिक. हा विषय केवळ मोठ्या रुग्णालयांचा नाही, हे यावरून ध्यानी यावे. ही बाळे अखेरीस आपल्याच गल्लीत, आपल्याच चाळीत आणि सोसायटीत राहावयास येतात.

चरक आणि सुश्रुत या दोहोंच्या शारीरस्थानांत आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे सांगितले आहे आणि त्या महिन्यातील जन्म धोक्याचा मानला आहे. हा भाग आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला. पेटीत ठेवलेल्या नातवाकडे पाहताना त्याचा अर्थ नव्याने उमगला. त्वचा इतकी पातळ की आतील शिरा दिसाव्यात. अंगावर मेद नाही, त्यामुळे स्वतःची उष्णता स्वतः राखता येत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, म्हणून दूध नळीने पोटात सोडावे लागते. आतडे अपक्व, म्हणून ते दूधही प्रारंभी एक-दोन मिलिलिटरच. शास्त्रकारांनी ज्यास ओजाची अस्थिरता म्हटले, तीच जणू आमच्यापुढे एका पेटीत निजलेली होती.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी नातवास शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात हलवण्यात आले. खासगी रुग्णालयाचा रोजचा खर्च हे एक कारण होते. दुसरे कारण दुधाचे होते.

सुवर्णाची डबी

चौथ्या दिवशी आम्ही दोघे रुग्णालयात गेलो, तेव्हा खिशात एक चांदीची डबी होती. तीत मध, घृत आणि सुवर्णभस्म. जातकर्म राहून गेले होते, ते निदान बोटभर तरी करावे अशी इच्छा. आमच्या घराण्यात तीन पिढ्या ते चुकलेले नाही. हात धुऊन, गाउन चढवून पेटीजवळ उभे राहिलो. तेथील सिस्टरांनी डबी पाहिली आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, ती डबी खिशातच ठेवा. त्याच्या पोटात सध्या फक्त दूध जाईल, दुसरं काही नाही."

क्षणभर राग आला. आम्ही कोण आहोत हे सांगावेसे वाटले. सांगितले नाही, हे बरे झाले.

घरी परतल्यावर रात्री ग्रंथ काढून बसलो. काश्यपसंहितेतील लेहाध्याय पुन्हा वाचला. लेहन कोणास द्यावे हे सांगणारे आचार्यच ते कोणास देऊ नये हेही सांगतात, आणि त्या दुसऱ्या यादीत मंदाग्नीचे बालक आहे. ज्याच्या आतड्यास दोन मिलिलिटर दूध जड जाते, त्याहून मंद अग्नी कोणाचा असणार? आपण लेहनाचा विधी पाठ ठेवतो आणि निषेध विसरतो. शिवाय मधाविषयी आज जे ज्ञात आहे ते ग्रंथकाळी ज्ञात नव्हते. मधात एका घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसास ते बाधत नाहीत, परंतु वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात रुजून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात. यास्तव एक वर्षाच्या आतील कोणत्याही बालकास मध देऊ नये. हे स्वीकारण्यात शास्त्राचा अवमान नाही. बाळाचे बल व अग्नी न पाहता विधी उरकणे, हाच शास्त्राचा खरा अवमान होय.

सुश्रुतांनी मातेचे दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते असे म्हटले आहे आणि तोवर मध-घृताचा विधी सांगितला आहे. दूध भरून येण्याविषयीचे ते निरीक्षण अचूक आहे. परंतु त्यापूर्वी थेंबाथेंबाने येणारा चीक हेच बाळाचे पहिले संरक्षण, हे आता निर्विवाद झाले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळास तर तो चीक औषधाहून मोलाचा आहे.

धात्री : ग्रंथातून दुग्धपेढीत

लेकीचा रक्तदाब पाच-सहा दिवस अनावर होता. ती अद्याप पहिल्याच रुग्णालयात होती आणि तिला दूध जवळजवळ नव्हते. ते दिवस नातवास दुसऱ्या मातांच्या दुधाने तारले.

शीवच्या या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मातृदुग्धपेढी म्हणून ओळखली जाते. ज्या मातांना आपल्या बाळाची गरज भागून दूध उरते, त्या स्वेच्छेने व विनामूल्य ते देतात. दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब आणि उपदंश यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानास अर्धा तास तापवून, त्वरित थंड करून, जंतुपरीक्षा करून उणे २० अंशांस साठवले जाते. मगच ते आजारी व अपुऱ्या दिवसांच्या बाळांस मिळते. पुढे १९९९ साली डॉ. फर्नांडिस यांनी मुंबईच्या वस्त्यांतील माता व बालकांसाठी 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली.

चरकांच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात धात्रीपरीक्षा आहे. धात्री निरोगी असावी, तिचे स्वतःचे मूल जिवंत व सुदृढ असावे, तिचे दूध पारखून घ्यावे, असा तो विचार. दुग्धपेढीची कपाटे पाहताना तोच विचार आम्हांस दिसला. परीक्षेची साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. आमच्या नातवाच्या धात्री कोण होत्या, हे आम्हांस कधीही कळणार नाही. त्या धारावीच्या असतील, चुनाभट्टीच्या असतील, कोणत्याही जातिधर्माच्या असतील. विहीणबाईंनी प्रथम थोडी कुरकुर केली, "कोणाचं दूध, काय ठाऊक?" पाचव्या दिवशी बाळाने नळीतले सारे दूध पचवले हे ऐकून त्याच म्हणाल्या, "त्या बाईला माझा नमस्कार सांगा हो." नमस्कार कोणास सांगावयाचा, हे कोणासच ठाऊक नव्हते.

येथे औषधालय-चालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. चरकांनी आठ क्षीरांमध्ये मानुषी क्षीराची गणना केली आहे. या आधारावर मातेचे दूध हे 'आयुर्वेदीय औषध' म्हणून विकण्याचा प्रयत्न आपल्या देशात झाला. २०२१ मध्ये एका खासगी कंपनीस तसा परवाना मिळाला आणि हरकती आल्यानंतर २०२२ मध्ये तो रद्द करण्यात आला. २४ मे २०२४ रोजी केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मातेच्या दुधाच्या व्यापारी प्रक्रियेस व विक्रीस परवानगी नाही, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. ग्रंथांतील धात्रीचे दूध बाटलीत भरून दुकानात मांडण्यासाठी सांगितलेले नव्हते. तसा प्रस्ताव घेऊन कोणी आपल्या दुकानाची पायरी चढला, तर त्यास नकार द्यावा.

मुलुंड ते शीव : एक थंड पेटी

सातव्या दिवशी लेकीस घरी सोडले. ती आमच्याकडे मुलुंडला आली आणि बाळ शीवला राहिले. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, हाताने दूध काढावयाचे, निर्जंतुक वाटीतून लहान डब्यांत भरायचे, वर वेळ लिहावयाची. पहिल्या दिवशी दिवसभरात चार चमचेही निघाले नाही. ती रडली. आम्ही शतावरी दिली, पेज दिली, धीर दिला. परंतु खरे सांगावयाचे तर दूध वाढले ते वारंवार काढल्याने आणि पुढे बाळ छातीशी आल्याने. शतावरीचे माहात्म्य आम्ही कमी लेखीत नाही. तथापि "शतावरी सुरू केली आहे, आता दूध येईल" असे सांगून सूतिकेस घरी पाठवणारे वैद्य दर तीन तासांनी दूध काढावयास सांगत नसतील, तर ते तिचे नुकसानच करीत आहेत.

जावई कामावर जाण्यापूर्वी सकाळी धिम्या लोकलने निघत. मांडीवर बर्फाची पेटी, पेटीत डबे. पावसाळा होता. एके दिवशी कुर्ल्यापुढे गाडी थांबली ती थांबलीच. तेव्हा ते उतरून रुळांच्या कडेने इतर प्रवाशांबरोबर चालत शीवला पोहोचले. पेटी डोक्यावर होती. दूध थंडच होते. घरी आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "बाबा, आज त्याने पाच मिलिलिटर घेतलं."

मातेची छाती हेच कुमारागार

चरकांनी कुमारागाराचे वर्णन केले आहे. ते उबदार, निवांत, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावे. बाराव्या दिवशी सिस्टरांनी लेकीस खुर्चीवर बसवले, बाळास केवळ लंगोट व टोपी घालून तिच्या उघड्या छातीवर उभे ठेवले आणि वरून कापडाने बांधून टाकले. हीच कांगारू पद्धत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत म्हणून ती सुरू झाली. पुढे असे दिसले की, ती नाइलाजाची नव्हे तर श्रेष्ठ पद्धत आहे. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत १००० ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट पाहून ही पद्धत सुरू केली, त्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्के होते. जन्मानंतर लगेच सुरू केली, त्या गटात ते १२ टक्के राहिले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी किमान ८ तास, शक्य तर त्याहून अधिक, असे सांगते.

लेक थकली की जावई बसत. शर्टाची बटणे उघडून, मुलास छातीशी बांधून, एक तास न हलता. आमच्या पिढीतील कोणा बापाने हे केले असते, असे वाटत नाही.

घरी आल्यावर : आपल्या दुकानाची परीक्षा

सव्विसाव्या दिवशी त्याचे डोळे तपासले गेले. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून जन्मापासून तीस दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळ असल्यास त्याहूनही आधी, नेत्रपटलतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते. वेळेत उपचार न झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. सत्ताविसाव्या दिवशी १७१० ग्रॅम वजन घेऊन नातू घरी आला.

त्याच दिवशी सायंकाळी आमच्याच दुकानातील मुलाने कौतुकाने बाळगुटीची पुडी आणून ठेवली. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, हिरडा, अतिविष, हळकुंड, सारे उत्तम प्रतीचे. शेजारच्या मावशींनी न्हाऊ घालणाऱ्या बाईस सांगून ठेवले होते. धुरीसाठी वावडिंग, ओवा, शेपा तयार होते. हे सारे आम्हीच वर्षानुवर्षे विकत आलो आहोत. त्या पुडीकडे पाहताना प्रथमच एक प्रश्न पडला. आजवर ही पुडी नेणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी असे बाळ होते? आम्ही कधी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून आमच्या दुकानात विचारतो. बाळ कितव्या आठवड्यात झाले? जन्मवजन किती? अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ असल्यास खालील गोष्टी सांगतो. सुज्ञ वाचकांनी त्या आपल्याही गल्ल्याजवळ लावाव्यात.

१. सहा महिने केवळ मातेचे दूध. बाळगुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर काहीही नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीबरोबर सहाणेवरील जंतूही पोटात जातात.

२. स्तनपान जमेपर्यंत वाटी-चमच्याने वा बोंडल्याने दूध पाजावे. बाटली नको.

३. धुरी देऊ नये. अपक्व फुप्फुसांस धूर विषासमान आहे. शेगडीच्या शेकाऐवजी छातीशी धरणे उत्तम.

४. जोरकस मालिश, हातपाय ओढणे, उलटे धरणे वर्ज्य. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर मातेनेच हलक्या हाताने तेल लावावे. शीवच्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ मध्ये 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खनिज तेलापेक्षा खोबरेल तेलाच्या मालिशने अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वजनवाढ अधिक वेगाने झाली, असे आढळले. अभ्यंगाविषयी आपणांस अभिमान बाळगावयाचा असेल, तर तो या मर्यादेत राहूनच.

५. रुग्णालयाने दिलेले लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नयेत. लसी जन्मतारखेप्रमाणे, परंतु मान धरणे, बसणे यांची अपेक्षा मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजावी.

६. डोळ्यांची तपासणी झाली का, हे विचारावे. झाली नसेल तर औषध देण्यापूर्वी तेथे पाठवावे.

७. बाळ दूध ओढेनासे झाले, हातपाय थंड पडले, मलूल झाले, श्वास मिनिटास ६० हून अधिक झाला किंवा मध्येच थांबला, पोट फुगले, शौचात रक्त आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय. अशा बाळास आपल्या दुकानात देण्याजोगे कोणतेही औषध नाही.

गल्ल्यावर याचा तोटा होतो काय? थोडा होतो. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या आज्या-मावश्यांचा विश्वास वाढला, असा आमचा अनुभव आहे. "तुम्ही नको म्हणालात, म्हणजे काहीतरी कारण असणार" असे त्या म्हणतात. सूतिकेचा आहार, तिची झोप, तिचे मन, तिच्या कंबरेचे दुखणे, घरातील माणसांची समजूत हे सारे क्षेत्र आपलेच आहे आणि तेथे आपली नितांत गरज आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची चिकित्सा वैद्याने मातेच्या द्वारे करावी.

नातू आता शाळेत जातो. वर्गात तो सर्वांत ठेंगणा आहे आणि सर्वांत बडबडा. चांदीची डबी देव्हाऱ्यात आहे. त्याच्या पहिल्या वाढदिवसानंतर, पूर्ण विचार करून, त्याला मधाचे एक बोट चाटवले. त्याने तोंड वेडेवाकडे केले आणि सर्वजण हसले. शीवच्या त्या अनाम धात्रींना आणि "आजोबा, ती डबी खिशातच ठेवा" असे म्हणणाऱ्या त्या सिस्टरांना आमचा कृतज्ञ नमस्कार.

इत्यलम्।